उन्हाळ्यात नदीचे चित्र रंगवताना



सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण घरच्यांबरोबर काळी नदीच्या काठी जातात. या वेळी सोबत रंगपेटी न्या. मात्र उन्हाळ्यात जलरंगाचे काम थोडे अवघड असते. मी पहिल्यांदा असा बसलो तो भर दुपारी. आकाशाचा निळा रंग कागदाच्या मध्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच वाळला आणि तिथे एक जाड रेघ उमटली. दोष कुंचल्याचा नव्हता, चुकीची वेळ निवडणाऱ्या माझा होता.

जलरंगात रंग पसरवण्याचे काम पाणी करते. पाणी उडून गेले की रंग आहे तिथेच बसतो. म्हणून सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. त्या वेळी सावल्याही लांब असतात आणि झाडाखडकांचे आकार स्पष्ट दिसतात. कागद जाड घ्यावा आणि रंगवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी ओला करावा. आकाशासाठी मोठा कुंचला आणि भरपूर रंग आधीच कालवून ठेवावा. बसायचे सावलीत, कागदही सावलीतच. उन्हात पांढरा कागद डोळ्यांना दिपवतो. मग आपण रंग गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते.

आता पाण्याकडे पाहा. पायाजवळ वरून पाहिले तर तळाचे दगड दिसतात. दूरचे पाणी तिरपे पाहतो, म्हणून त्यात आकाश आणि झाडे दिसतात. नदी सगळीकडे निळी रंगवली तर ती नदी वाटत नाही. जंगलही एका हिरव्या रंगाचे नसते. बांबू पिवळा पडलेला असतो, कुठे नवी पालवी तांबूस असते. हिरव्यात किंचित लाल मिसळा, भडकपणा जातो. पाण्यावरची चमक दाखवायची तर तेवढा कागद कोरा सोडा. एकदा रंग लागला की तो पांढरेपणा परत मिळवणे कठीण. म्हणून आधी दहा मिनिटे नुसते बघायचे, मग रंगवायचे.

पालकांना नम्र विनंती : मुलांना एकटे पाठवू नये. गणेशगुडीच्या सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटते, तेव्हा खालच्या बाजूला भर उन्हाळ्यातही पातळी अचानक वाढते. दांडेलीच्या बाजूला नदीत मगरीही आहेत. उंच काठावर बसूनच चित्र काढावे.

“चित्रे काढून काय मिळणार?” असे काही पालक विचारतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ हा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. त्या काळी ती जागा कशी होती, हे आज त्यांच्या चित्रांतून कळते. आपली काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारजवळ सदाशिवगडाशी समुद्राला मिळते. तिच्या काठचे जुने सुपा गाव १९८० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथला घाट, तिथली झाडे आता फक्त वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहेत.

म्हणून या सुट्टीत प्रत्येकाने दोन चित्रे काढावीत. एक डोळ्यांसमोरच्या नदीचे. दुसरे घरच्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारून, त्यांनी पाहिलेल्या नदीचे. चित्रामागे जागा, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. शाळा उघडल्यावर ही चित्रे मांडण्यासाठी विश्वस्त मंडळींनी सभागृहाची एक भिंत द्यावी, ही माझी विनंती आहे. चित्र बिघडले तरी आणा. माझे ते रेघ उमटलेले चित्रही मी त्याच भिंतीवर लावणार आहे.

— मुख्याध्यापक