पाळलेली टोळधाड

लग्नघरी पंगतीचा अंदाज चुकला, तर आचारी निदान वरणात पाणी तरी वाढवू शकतो. संकेतस्थळ चालवणाऱ्याला तीही सोय नाही. म्हणून हे लोक एक नामी युक्ती करतात. खरे पाहुणे यायच्या आधी खोटे पाहुणे बोलावतात! एक संगणक हजारो माणसांची सोंगे घेऊन दुसऱ्या संगणकाकडे एकदम मागण्या करू लागतो, आणि तो किती तग धरतो हे बाकीचे पाहत बसतात. या कामाच्या एका प्रसिद्ध साधनाचे नावच मुळी ‘लोकस्ट’, म्हणजे टोळ. बारसे करणारा रसिक असला पाहिजे.

यातले गणित मोठे मौजेचे आहे. सेकंदाला 10 माणसे आत येतात आणि प्रत्येकाचे काम एका मिनिटात उरकते, असे धरा. मग कोणत्याही क्षणी आत 600 माणसे असणार. तेच काम पाच मिनिटे रेंगाळू लागले, की येणारे तेवढेच असूनही आत 3,000 जण दाटतात. यंत्र मंदावले की गर्दी वाढते, गर्दी वाढली की यंत्र अधिकच मंदावते.

शिवाय सोंगही हुबेहूब वठले पाहिजे. खरा माणूस मध्येच चष्मा शोधतो, बायकोला हाक मारून जन्मतारीख विचारतो, आणि उत्तराला उशीर झाला की तेच बटण चारदा दाबतो. हा सारा आचरटपणा खोट्या माणसाला मुद्दाम शिकवावा लागतो. नाहीतर परीक्षा सोपी होते आणि निकाल फसवा लागतो.

पण निकाल खरा लागूनही तो कोणी मनावर घेतला नाही, तर? अमेरिकेत 2013 साली तसेच घडले. आजारी माणसाला आजारपणाच्या सबबीवर विमा नाकारता येणार नाही, असा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू व्हायचा होता. तो विमा घेण्यासाठी सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ 36 राज्यांसाठी उघडले. त्यासाठी 1 ऑक्टोबर 2013 हा मुहूर्त ठरला होता. सर्व भाग जोडून एकत्र चाचणी सुरू झाली ती जेमतेम दोन आठवडे आधी, असे कंत्राटदारांनी पुढे संसदेच्या समितीपुढे सांगितले. मुहूर्ताला थोडेच दिवस उरले असताना एका महत्त्वाच्या भागावर खोटी माणसे सोडली, तर काही शेकड्यांतच तो कोलमडला. तरीही दार ठरल्या दिवशीच उघडले!

अधिकाऱ्यांचा अंदाज एका वेळी 50 ते 60 हजारांचा होता. आले सुमारे अडीच लाख. त्यातून विम्याचे दर पाहण्याआधीच प्रत्येकाला खाते उघडावे लागे. म्हणजे दुकानातला माल दिसण्यापूर्वीच नाव-गाव सांगा! सारी गर्दी त्या एकाच उंबरठ्यावर तुंबली. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पुरी झाली ती अवघ्या सहा जणांची. वर्षानुवर्षे विम्यावाचून दुखणी अंगावर काढणारी माणसे पडद्यावरच्या क्षमायाचनेकडे पाहत राहिली.

दोन महिने रात्रंदिवस दुरुस्ती चालली. नोव्हेंबरअखेर 50 हजार माणसे एका वेळी सामावतील, इतपत मजल गेली. फारच गर्दी झाली तर येणाऱ्याला बाहेरच थांबवून त्याचा ई-मेलचा पत्ता टिपून घ्यायचा आणि गर्दी ओसरली की बोलावणे धाडायचे, अशी व्यवस्थाही करण्यात आली.