कोणता पाहावा, आणि कसा पाहावा?

चित्रपटाच्या आवडीनिवडीवरून सुशिक्षित स्नेही एकमेकांशी ज्या त्वेषाने भांडतात, त्या त्वेषाने ते राजकारणावरूनही भांडत नसतील, असा आमचा अनुभव आहे. वर्ध्यास आमची चौघांची एक जुनी बैठक आहे. दर रविवारी सायंकाळी वकीलसाहेबांच्या ओसरीवर ती भरते. वहिनींच्या हातचा चिवडा आणि दोन वेळचा चहा एवढ्या भांडवलावर जगातील सर्व प्रश्नांचा निकाल तेथे लागतो. फक्त चित्रपटाचा प्रश्न तेवढा कित्येक वर्षे अनिर्णित राहिला आहे.

वकीलसाहेब संतपटांचे आणि पौराणिक चित्रपटांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या मते प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर चित्रपट काढण्याचे कारणच उरले नाही. डॉक्टरांना रहस्यपटावाचून करमत नाही. दिवसभर रोगाचे निदान केलेल्या माणसाला रात्री खुनाचे निदान करण्यात विश्रांति वाटते, असे ते सांगतात. वहिनींना घरगुती सामाजिक कथा प्रिय. आम्ही विनोदी चित्रपटांचे भोक्ते. अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला 1938 सालचा 'ब्रह्मचारी' आम्ही किती वेळा पाहिला असेल, ह्याची गणती नाही. आमचे चौथे स्नेही, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, हे मात्र सर्वांचेच विरोधक. "हलणारे चित्र हे चित्रच नव्हे. डोळा स्थिर होण्यापूर्वीच ते निघून जाते," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

ह्या वादात आजवर कोणाचेच काही बिघडत नव्हते. परंतु गेल्या महिन्यातील एका रविवारी त्याला निराळेच वळण लागले. वकीलसाहेबांची एकुलती एक कन्या नुकतीच पदवीधर झाली आहे. तिने चहाचे पेले खाली ठेवले आणि शांतपणे सांगितले, "काका, मला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. बाबा नाही म्हणतात. तुम्ही सगळे इतकी वर्षे ह्याच विषयावर बोलता आहात. आता निकाल द्या." ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. ज्या विषयावर आम्ही चिवडा खात गप्पा मारीत होतो, त्यावर एका मुलीचे आयुष्य उभे राहावयाचे होते.

वकीलसाहेबांनी आपली बाजू मांडली, तीही चांगल्या वकिलाप्रमाणे पुराव्यानिशी. म्हणाले, "आपण राहतो कोठे? ह्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे. 1927 साली सरकारने नेमलेल्या चित्रपट-समितीने महात्माजींकडे प्रश्नावली पाठविली, तेव्हा त्यांनी काय कळविले? आपण सिनेमा कधी पाहिलेला नाही, पण त्याचा अनर्थ बाहेरच्या माणसासही उघड दिसतो, असेच ना? त्या गावच्या मुलीने हाच धंदा पत्करावा?"

डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, साक्षीदाराने वस्तू पाहिलेलीच नसेल, तर आपले न्यायालय ती साक्ष मानते काय?" आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ख्वाजा अहमद अब्बास ह्या तरुण पत्रकाराने 1939 साली 'फिल्मइंडिया' मासिकातून महात्माजींस एक अनावृत पत्र लिहिले, त्यातही हीच विनंती होती. जुगार आणि शर्यती यांच्या पंक्तीस सिनेमा बसविण्यापूर्वी त्याकडे एकदा पाहावे, असा त्याचा आशय. आणि पाहण्याजोग्या भारतीय चित्रपटांची नावेही त्यात कळविली होती. पुढे 1944 साली आगाखान राजवाड्यातील बंदिवासातून सुटल्यावर, जुहूस विश्रांति घेत असता, महात्माजींनी विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला. तेवढ्याने त्यांचे मत पालटले, असे मात्र म्हणता येत नाही.

ह्यावर मास्तर पुढे सरसावले. आम्हांस वाटले, ते वकीलसाहेबांच्या बाजूने बोलणार. पण ते म्हणाले, "महात्माजींचा चित्रावर राग होता, असे कोणी समजू नये. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी मातीनेच उठविलेली ताडाची झाडे, चरखा आणि ॐ आपण सर्वांनी पाहिला आहे. 1936 साली फैजपूरच्या काँग्रेससाठी नंदलाल बोसांना बोलावून, गावातल्याच बांबूंनी आणि साध्या वस्तूंनी ते नगर त्यांनी सजवून घेतले. त्यांना भीति होती ती निराळी. डोळा आळशी होईल, ही ती भीति." मग वकीलसाहेबांकडे वळून त्यांनी विचारले, "आपण पवनारला किती वेळा गेला असाल?"

"पन्नास वेळा तरी."

"तेथील भरतभेटीच्या शिल्पात राम कोणता आणि भरत कोणता, हे आपण कशावरून ओळखता?"

वकीलसाहेब निरुत्तर झाले. खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. त्या शिल्पाची हकीकत वर्ध्याच्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना विनोबांनी भरतभेटीचा प्रसंग वर्णिला. एक वनात राहिलेला, एक नगरात. पण तप दोघांचे सारखे, म्हणून कोण वनातून आला हे ओळखू येऊ नये, असे चित्र कोणी काढील तर किती पावन होईल, असा त्यांचा भाव होता. पुढे 1938 मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला राहावयास गेले, आणि तेथील जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचे प्राचीन शिल्प हाती लागले. ही कथा आम्ही पाहुण्यांस रंगवून सांगतो; शिल्पापुढे मात्र हात जोडतो आणि परत फिरतो. "आपण विषय पाहिलात, शिल्प पाहिले नाहीत," मास्तर म्हणाले. "चित्रपटाचेही असेच होते. पौराणिक म्हटले की आपण नमस्कार करता, रहस्यपट म्हटले की नाक मुरडता. ही तर नुसती पाटी वाचणे झाले."

वकीलसाहेब थोडे दुखावले. "'संत तुकारामा'वरचे आमचे प्रेम ही पाटी वाचणे आहे काय?"

"मुळीच नाही," मास्तर म्हणाले. "पण आपणांस त्यात आठवते काय, ते सांगा."

वकीलसाहेब विचारात पडले आणि मग म्हणाले, "जिजाई. पोर आजारी पडते, तेव्हा ती वहाण हातात घेऊन देवळात शिरते आणि पांडुरंगालाच जाब विचारते." हे सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलला. त्यांना वैकुंठगमन आठवले नाही, चमत्कार आठवले नाहीत. संतापलेली एक आई आठवली. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही कुंचला हाती घेऊन वाढलेले कलावंत. 1936 च्या त्या चित्रपटास पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला, तो काही तेथील परीक्षक वारकरी होते म्हणून नव्हे. देवाच्या कथेत त्यांनी घरातले माणूस दाखविले, आणि ते परक्यांसही दिसले.

तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट काढली, ती आम्हांस ह्या सर्व वादाचे मर्म वाटते. आपल्या जिल्ह्यातील हिंगणघाट येथे 26 डिसेंबर 1914 रोजी मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागले. पण तरुणपणी हे गृहस्थ सिनेमाचे विलक्षण शौकीन होते. 'पिक्चरगोअर' ह्या नियतकालिकासाठी ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर ह्या हॉलिवूडच्या तारकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पडद्यावरील अत्यंत देखण्या चेहऱ्यांकडे बारकाईने पाहणारा हा तरुण वरोड्यास असताना एका पावसाळी सायंकाळी तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्यापुढे येऊन ठेपला. बोटे झडलेली, जखमांत किडे. तो देह पाहून बाबा भीतीने पळाले. नंतर त्या पळण्याचीच त्यांना लाज वाटली. ते परत आले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. त्या परत येण्यातून पुढे आनंदवन उभे राहिले. आणि ज्यांनी ह्या कार्यास आरंभी मदत पाठविली, त्यांत नॉर्मा शिअररचेही नाव सांगतात.

"सिनेमा पाहिल्याने ते संत झाले, असे माझे म्हणणे नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सिनेमा पाहिल्याने ते बिघडलेही नाहीत. ज्या डोळ्यांनी त्यांनी गार्बोकडे पाहिले, त्याच डोळ्यांना तुळशीरामाकडे पाहावे लागले. आणि ते परत आले."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनी आतून म्हणाल्या, "'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांना साळुंके नावाचा पुरुष उभा करावा लागला. 1932 साली दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या, तेव्हा घराण्याचे नाव निघालेच. ते बोलणारे आज कोणास आठवतात? दुर्गाबाई आठवतात." वहिनींनी ह्या विषयावर इतके बोलल्याचे आम्ही प्रथमच ऐकले. त्यांनी पुढे सुमित्रा भावे यांचे नाव घेतले. समाजशास्त्राच्या अभ्यासातून चित्रपटाकडे वळलेल्या ह्या विदुषीने 1985 साली 'बाई' हा लघुपट केला, आणि सुनील सुकथनकरांसह केलेल्या त्यांच्या 'कासव'ला 2016 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्या 2021 मध्ये निवर्तल्या. "त्या काय तमाशा करीत होत्या? बायकांचे दुःख पाहत होत्या," वहिनी म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी निकाल राखून ठेवला. फक्त कन्येस म्हणाले, "तुला जो चित्रपट थोर वाटतो, तो मला दाखव. प्रकार सांगू नकोस."

तिने त्यांना नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' दाखविला. आम्हीही होतो. गावकुसाबाहेरच्या एका मुलाची ती कथा. त्याच्या घरच्यांना गावातली डुकरे धरावी लागतात आणि शाळेतली मुले ते पाहून हसतात. मेलेले डुक्कर खांद्यावरून नेत असता मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली दिसतात. कोणी काही बोलत नाही. भिंत बोलते. मास्तर तेथे पुढे झुकले. डोळा स्थिर होत नाही, ही त्यांची तक्रार त्या क्षणी तरी उरली नाही. शेवटी त्या मुलाने भिरकावलेला दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. वकीलसाहेबांनी नकळत मान मागे घेतली. दिवा लावल्यावर ते एवढेच म्हणाले, "हसणाऱ्यांत आपणही होतो की काय?" आमच्यापैकी कोणापाशीच ह्याचे उत्तर तयार नव्हते.

पुढच्या रविवारी कन्येचा अर्ज भरून झाल्याचे कळले. योग असा की, पुण्याची ही संस्था 1960 साली स्थापन झाली ती प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या जागेत; म्हणजे वकीलसाहेबांचे आवडते 'संत तुकाराम' जेथे घडले, तेथेच. ह्या योगायोगाचा आधार घेऊन ते आता आपण हरलो नसल्याचे सिद्ध करीत असतात. परीक्षेत ती उत्तीर्ण होईल की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे, आणि घरातील चिंताही पुरती मिटलेली नाही. पैसा, दूरचे गाव, लग्नाचे वय हे प्रश्न ओसरीवरील वादाने सुटत नसतात.

वाचकांस आमचे सांगणे एवढेच. महात्माजींची भीति आज खोटी ठरली आहे, असे कोणी मानू नये. एकाच दिवाणखान्यात घरातील तिघे तीन फोनवर तीन निरनिराळी चित्रे पाहत बसतात आणि त्यांतील एकही दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हे आपण रोज पाहतो. परंतु ह्यावर डोळे मिटून घेणे हा उपाय नव्हे. पंधरवड्यातून एकदा सर्व घराने एक चित्रपट एकत्र पाहावा, आणि जेवताना प्रत्येकाने त्यात स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी. कथा सांगू नये, ती सर्वांस ठाऊकच असते. हा क्रम आमच्या घरी आता सुरू झाला आहे. पहिल्या रात्री 'ब्रह्मचारी' लावला. इतक्या वेळा पाहिलेल्या त्या चित्रपटातील एकही गोष्ट आम्हांस धड सांगता आली नाही. आम्ही केवळ हसत आलो होतो.