माध्यमिक स्तरावरील विज्ञान प्रयोग आणि चुकीच्या उत्तराचे मूल्य : साध्या लंबकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
विज्ञान हा निरीक्षणावर आधारलेला विषय असला, तरी शालेय स्तरावर तो बहुतांशी वाचून व ऐकूनच शिकला जातो. प्रयोग झालाच तर तो शिक्षक करून दाखवितात आणि विद्यार्थी अपेक्षित उत्तर जर्नलमध्ये उतरवून घेतात. अकरावीच्या प्रयोगशाळेत ‘उत्तर किती यायला हवे?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो, त्याचे मूळ या सवयीत आहे. स्वतः केलेल्या प्रयोगातून ही सवय कशी मोडता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साहित्य व कृती :
या प्रयोगास दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी व सेकंद दाखविणारे घड्याळ एवढे साहित्य पुरते. आधारबिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत १०० सेंमी अंतर ठेवून लंबक थोडासा बाजूस नेऊन सोडावा व २० आंदोलनांचा काळ मोजावा. तो सुमारे ४०.२ सेकंद भरतो; म्हणजेच आवर्तकाल २.०१ सेकंद होतो. लांबीला ४ व पायच्या वर्गाने गुणून आवर्तकालाच्या वर्गाने भागले असता गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते.

एकच आंदोलन का मोजू नये, हे विद्यार्थ्यांनी करून पाहावे. घड्याळ सुरू व बंद करताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एका आंदोलनात ती १० टक्के ठरते. २० आंदोलनांत मात्र अवघी अर्धा टक्का. त्वरणाच्या उत्तरात ही चूक दुप्पट होते, कारण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो.

चुकांचे निदान :
उत्तर कोणत्या दिशेने व किती चुकले, यावरून चुकीचे कारण शोधता येते. उत्तर १०.८ च्या आसपास आले, तर विद्यार्थ्याने बहुधा लंबक सोडताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलेले असते. १९ आंदोलने २० समजली जातात. लांबी नटाच्या मध्याऐवजी केवळ दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजली व १ सेंमी कमी धरली गेली, तर उत्तर १ टक्क्याने घटते. लंबक ३० अंशांपर्यंत ओढून सोडल्यास आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर ३ टक्क्यांहून थोडे अधिक कमी येते. विद्यार्थ्याने १०.८ खोडून ९.८ लिहिले, की हे सर्व शिक्षण त्याच क्षणी पुसले जाते.

ऐतिहासिक दाखला :
इ. स. १६७२ मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञास विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे आपले लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडताना आढळले. त्याने ही तफावत दडविली नाही. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तिचा संबंध पृथ्वीचे परिवलन व विषुववृत्तावरील फुगीरपणा यांच्याशी जोडला. न जुळणाऱ्या निरीक्षणातून पृथ्वीच्या आकाराविषयीचे ज्ञान पुढे गेले.

मूल्यमापन :
मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (१९७२ ते २००२) सहावी ते आठवीचे विद्यार्थी स्वतः प्रयोग करीत. तेथे परीक्षेत पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा होती व प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाई. पाठांतरास गुण न ठेवल्यास अध्यापनही बदलते, हे त्यातून दिसते. प्रात्यक्षिकाचे गुण ‘बरोबर’ उत्तरास न देता मूळ नोंदी, पुनर्मापन व चुकीची कारणमीमांसा यांस द्यावेत. नोंदी शाईने कराव्यात. चुकलेली नोंद एका रेघेने छेदावी, परंतु वाचता येईल अशी ठेवावी.

समारोप :
साहित्याचा अभाव ही प्रयोग न होण्याची खरी अडचण नाही. दोरा व नट कोणत्याही शाळेत मिळतात. अडचण चुकीच्या उत्तराच्या भीतीची आहे. ही भीती शाळेत गेली नाही, तर महाविद्यालयात तीच बनावट नोंदींचे रूप घेते. म्हणून जुळवून आणलेल्या ९.८ पेक्षा प्रामाणिकपणे नोंदविलेले व समजून घेतलेले १०.८ अधिक शास्त्रीय मानले पाहिजे.