रहस्यपटातील ध्वनी व निःशब्दता

प्रेक्षकाची उत्कंठा जागविण्यासाठी व ती टिकविण्यासाठी रहस्यपटात आवाज, पार्श्वसंगीत आणि त्यांचा हेतुपुरस्सर अभाव यांची केलेली योजना. कॅमेऱ्याची चौकट दृश्याला मर्यादा घालते. ध्वनीला अशी चौकट नसते. दाराआडची पावले किंवा अंधारातील श्वास ऐकू येतो, पण त्याचा उगम दिसत नाही. तो शोधण्याच्या मनाच्या धडपडीतून ताण निर्माण होतो. फ्रिट्‌स लांग याच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन बोलपटात खुन्याचा चेहरा दिसण्यापूर्वीच त्याची शीळ ऐकू येते आणि पुढे त्या शिळेवरूनच एक अंध फुगेवाला त्याला ओळखतो.

निःशब्दता ही सापेक्ष असते. अखंड चालणारा आवाज काही वेळाने जाणिवेतून नाहीसा होतो. तो थांबला, की मात्र लक्ष तत्काळ तिकडे वेधते. भिवंडीसारख्या (जि. ठाणे) यंत्रमागांच्या गावात मागांचा खडखडाट रहिवाशांच्या अंगवळणी पडलेला असतो, तो अवेळी बंद पडला, तर वीज गेली, संप झाला की काही विपरीत घडले, अशी शंका येते. रहस्यपटात हाच अनुभव योजनापूर्वक घडविला जातो. घड्याळाची टिकटिक, रातकिड्यांची किरकिर यांसारखे आवाज आधी रुजवून ऐन क्षणी ते काढून घेतले जातात. मात्र ध्वनिपट्टी पूर्णपणे कोरी ठेवल्यास यंत्रात बिघाड झाल्याचा समज होतो. म्हणून त्या जागेचा स्वाभाविक मंद ध्वनी वेगळा मुद्रित करून तो पडद्यावरील शांततेखाली ठेवतात.

भारतीय बोलपटात गीतांमुळे ताण खंडित होण्याचा धोका असतो. तथापि गीताचाही रहस्यासाठी उपयोग करता येतो. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर यांनी मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गात गात जवळ येण्याची पद्धत अवलंबिली. त्यामुळे अदृश्य गायिका जवळ येत असल्याचा भास निर्माण झाला. उलट ‘कानून’ (१९६०) व ‘इत्तफाक’ (१९६९) या चित्रपटांत गीतेच वगळण्यात आली. त्यापूर्वी प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) या सामाजिक चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर भर दिला होता. तो रहस्यपट नसला, तरी वाद्यवृंदाविना ताण निर्माण करता येतो, हे त्यातून दिसून आले.

रहस्यपटाच्या रूढ चौकटीबाहेरही या तंत्राचा प्रभावी उपयोग झालेला आहे. मे १९७० मधील दंगलीनंतर भीष्म साहनी यांनी भिवंडीला भेट दिली. तेथील उद्‌ध्वस्त घरे पाहून त्यांना रावळपिंडीच्या १९४७ मधील दंगलीचे स्मरण झाले आणि त्यातून ‘तमस’ ही कादंबरी आकारास आली. तीवरील गोविंद निहलानी यांचा दूरदर्शनपट १९८८ मध्ये दाखविण्यात आला. त्याच्या आरंभी कोंदट खोपटात रात्री डुक्कर मारण्यासाठी नथू झगडत असतो. जनावराची गुरगुर व माणसाची धाप ऐकू येते. हे काम कशासाठी करवून घेतले जात आहे, हे मात्र उलगडत नाही. येऊ घातलेल्या संहाराची सूचना तेथेच मिळते.

निहलानी यांच्याच ‘आक्रोश’ (१९८०) या चित्रपटात मौन हेच रहस्य आहे. त्याची कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) खटल्यात स्वतःच्या वकिलाशीही बोलत नाही. तो का बोलत नाही, हा प्रश्न हळूहळू खुनी कोण या प्रश्नाहून मोठा होतो. कारण बोलून न्याय मिळेल, हा विश्वासच त्याला उरलेला नाही. शेवटी त्याच्या तोंडून फुटते ती किंकाळी. इतका वेळ राखलेल्या मौनामुळेच ती असह्य वाटते. रहस्यपटातील ध्वनीचे सामर्थ्य त्याच्या मोठेपणावर नव्हे, तर त्यापूर्वी काय ऐकू दिले व काय रोखून धरले यावर अवलंबून असते.