कुकरची वाफ आणि गाडीची सफाई

नवी गाडी दारात आली की तिला ओवाळायचं काम आपलं. हळद-कुंकू वाहायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ वाढवायचा, आळीत पेढे वाटायचे. त्यानंतर मात्र ती गाडी ‘ह्यांची’ होते! पण मैत्रिणींनो, त्या गाडीत जे काही सांडतं, ते निस्तरायला पुन्हा आपणच. घाटात लेकराला झालेली उलटी, डब्यातून ओघळलेलं लोणच्याचं तेल, सीटच्या फटीत अडकलेला चिवडा, पावसाळ्यात मॅटला येणारा कुबट वास. वॉशिंग सेंटरवाला पाइपने बाहेरून गाडी चकाचक करून देतो, पण आतलं तसंच राहतं. वरून तो सुगंधी फवारा मारून देतो. म्हणजे मूळ वास आहेच, त्यात मोगऱ्याची भर!

यावर एक चांगला उपाय आहे, तो म्हणजे वाफेचं सफाई यंत्र, ज्याला स्टीम क्लीनर म्हणतात. मोठ्या शहरांत ‘कार डिटेलिंग’ नावाखाली गाडीची जी बारीकसारीक सफाई करून देतात, त्यात हे यंत्र वापरतात. नाव ऐकून दबून जाऊ नका. यातलं निम्मं शास्त्र आपल्याला स्वयंपाकघरातूनच ठाऊक आहे.

कुकर आठवा. झाकण घट्ट असल्यामुळे आतली वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांवर न उकळता साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते. स्टीम क्लीनर हा असाच एक विजेवर चालणारा कुकर. फक्त शिट्टीऐवजी त्याला नळी असते. घरगुती यंत्रात दाब साधारण ३ ते ४ बार, म्हणजे कुकरच्या तिप्पट-चौपट असतो आणि आतलं पाणी १४० अंशांच्या पुढे तापतं. ही वाफ बारीक फटीत शिरते, चिकट मळ सैल करते आणि आपण तो फडक्याने टिपून घ्यायचा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे बरं का! वाफ मळ सोडवते, पण नेत नाही. नेतं ते फडकंच.

यातला मोठा फायदा पाण्याचा. १ लिटर पाण्याची साधारण १६०० लिटर वाफ होते. दीड हजार वॅटचं यंत्र तासाला फार तर २ लिटर पाणी वापरतं. गाडीच्या आतल्या सफाईला दोन तास धरले तरी ४ लिटर पाणी आणि ३ युनिट वीज. फडकी धुवायला आणखी बादलीभर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आठवलं की गाडीवर सोडलेला पाइप डोळ्यांना टोचतो. मात्र बाहेरून चिखलाने लडबडलेल्या गाडीला आधी पाणी हवंच. चिखल तसाच घासला तर रंगावर ओरखडे पडतात.

आता कृती. आधी मॅट बाहेर काढा, झटका, फटींतला कचरा कोरडाच काढा. धुळीवर वाफ मारली तर तिचा चिखल होतो. मग वरून खाली या. एसीच्या जाळ्या, दारांचे कप्पे, कप ठेवायच्या जागा, सीट आणि शेवटी तळ. नळीच्या तोंडाला मायक्रोफायबरचं फडकं गुंडाळलं की वाफ बेताने लागते आणि मळही लगेच टिपला जातो. हातभर जागा पूर्ण करा, मगच पुढे सरका. सीट भिजवायची नाही, नुसती दमट करायची. काम झालं की चारही दारं उघडून गाडी खडखडीत वाळू द्या. ओल राहिली तर आठवड्यात बुरशी आलीच म्हणून समजा.

डागांची गोष्ट वेगळी. दूध, अंडं, रक्त यांवर आधी वाफ मारू नका. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना? तसाच हा डाग उष्णतेने कापडात पक्का बसतो. आधी गार पाण्याने टिपून काढा, वाफ नंतर. हळदीचा डाग वाफेला दाद देत नाही आणि साबण लावला तर लाल होतो. तो पुसून उन्हात ठेवायचा, ऊन त्याला फिकट करतं. सीटला चिकटलेलं च्युइंगगम बर्फाने कडक करून खरवडायचं, उरलेला चिकटा वाफेने सोडवायचा.

जाहिराती सांगतात की वाफेने सगळे जंतू मरतात. मरतात, पण ती जागा तेवढी तापली तर. नळी भर्रकन फिरवून काही साधत नाही.

काही ठिकाणी मात्र वाफ नकोच. डॅशबोर्डवरचा पडदा, बटणं, फ्यूजचा डबा, इंजिनजवळची वायरींची जोडणी, स्टिअरिंगच्या मधोमध जिथे एअरबॅग असते ती जागा, तडा गेलेली काच, स्टिकर. थंडीच्या सकाळी गारठलेल्या काचेवर एकदम गरम वाफ सोडली तर काच तडकू शकते. कातडी किंवा रेग्झिनच्या सीटवर थेट वाफ न सोडता गरम दमट फडक्याने पुसावं. विजेच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊच नये.

आणि आपल्या हाताची काळजी! वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट. वाफेचं पुन्हा पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता कातडीत उतरते. कुकरचं झाकण आपण जसं दाब उतरल्याशिवाय उघडत नाही, तसंच यंत्राच्या टाकीचं झाकणही उघडायचं नाही. मुलांना लांब ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. जास्त भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा. यंत्राची पिन साध्या छोट्या सॉकेटमध्ये लावू नका. मिक्सरचं सॉकेट यासाठी पुरत नाही, गिझरसारखं मोठं, अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं हवं. बोअरचं जड पाणी घातलं तर आत पांढरा क्षार धरतो, तेव्हा कोणतं पाणी चालेल ते यंत्रासोबतच्या पुस्तिकेत बघा.

हे सगळं सांगण्याचं कारण आमच्या गावातला एक बचत गट. पापड-लोणच्यांच्या दुकानदारीत हल्ली गर्दी फार. गटातल्या तिघींनी ठरवलं की आपण गाड्या आतून साफ करून द्यायच्या. ‘गाडीचं काम बायकांना कोण देणार?’ असं घरचेच म्हणाले. व्यवसायासाठीची मोठी यंत्रं लाखाच्या पुढे जातात. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण मी त्यांना म्हटलं, ‘आधी काही हजारांत येणारं घरगुती यंत्र घ्या. आपापल्या घरच्या, मग नात्यातल्या गाड्या करा. हात बसू दे, गिऱ्हाईक येऊ दे, मग बँकेची पायरी चढा.’

पहिली गिऱ्हाईकं कोण आली असतील? बायकाच! शाळेतल्या एक बाई, दवाखान्यातल्या सिस्टर. आपल्या गाडीत अनोळखी माणूस डोकावण्यापेक्षा ताई आलेली त्यांना बरी वाटली. मग एक दादा आले आणि म्हणाले, ‘आतून पुसायला एवढे पैसे?’ गटातली ताई शांतपणे म्हणाली, ‘दादा, एक सीट तुम्ही पुसून बघा, मग भाव करू.’ दादांनी मुकाट्याने पैसे दिले.

मला यात मोल वाटतं ते याचं. पुसणं-झाडणं आपण जन्मभर करतो आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. तेच काम नीट शिकून, यंत्र हाती घेऊन केलं की त्याला भाव येतो. फक्त भाव ठरवताना वीज आणि पाणी मोजून थांबू नका. तुमचे दोन तास, वाकून दुखलेली कंबर आणि यंत्राची झीजही त्यात धरा. ‘जाऊ दे, थोडंसं पुसलंय’ हे वाक्य घरी म्हणायचं असेल तर म्हणा. गिऱ्हाइकापुढे मात्र अजिबात नाही!