अंगठ्यावरचे स्टिअरिंग

गेमपॅडची डावी स्टिक मधल्या जागेवरून टोकाला जाते तेव्हा अंगठा जेमतेम एक सेंटीमीटर सरकतो. रस्त्यावरच्या साध्या मोटारीचे स्टिअरिंग मधून एका टोकाला न्यायचे तर ते सव्वा वेढा, म्हणजे साधारण 450 अंश फिरवावे लागते. पीसीवरच्या रेसिंग सिम्युलेटरमध्ये कन्सोलचा पॅड वापरायचा म्हणजे हे 450 अंश त्या एका सेंटीमीटरात बसवायचे. सरळ हिशेब मांडला तर अंगठा एक मिलिमीटर हलला की स्टिअरिंग 45 अंश फिरणार. इतक्या नेमकेपणाने कोणाचाच अंगठा चालत नाही. तरीही पॅडवर उत्तम गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचे निम्म्याहून जास्त श्रेय अंगठा आणि गाडी यांच्या मध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरला द्यावे लागते.

सिम्युलेटर म्हणजे नुसता गाड्यांचा खेळ नव्हे. टायरची पकड, ब्रेक लावताच गाडीचे पुढच्या चाकांवर येणारे वजन, वेगाबरोबर बदलणारा हवेचा दाब हे सगळे तो सेकंदाला शेकडो वेळा मोजत असतो. अशा कार्यक्रमासाठी खरे साधन म्हणजे स्टिअरिंग व्हील आणि पायाखालची पेडल. पण व्हील महाग, ते आवळायला भक्कम टेबल हवे, आणि ब्रेक दाबताना पेडल मागे सरकू नयेत म्हणून त्यांच्या पाठीशी भिंत हवी. होस्टेलच्या खोलीत किंवा वन-बीएचकेत हा संसार मांडणे अवघडच. पॅड टेबलाच्या खणात मावतो, आणि बऱ्याच घरांत तो आधीपासूनच असतो.

पॅडवर गाडी नीट चालावी हा प्रश्न पहिल्या प्लेस्टेशनइतकाच जुना आहे. त्या काळी पॅडवर नुसती बटणे होती. वळायचे म्हणजे पूर्ण वळायचे, नाहीतर सरळ जायचे. नाम्को कंपनीने 1995 मध्ये त्यावर एक नामी तोडगा काढला. तिचा नेगकॉन हा पॅड मधोमध दोन भागांत होता आणि ओले फडके पिळावे तसा तो दोन्ही हातांनी पिळून गाडी वळवायची. कल्पना उत्तम होती, पण ती शर्यतीपुरतीच. पुढे 1996 मध्ये सेगा सॅटर्नच्या नव्या पॅडला स्टिकबरोबर दाबाच्या प्रमाणात चालणारे ट्रिगर आले आणि 1997 मध्ये सोनीचा दोन स्टिकचा, थरथरणारा ड्युअलशॉक आला. डाव्या अंगठ्याने वळणे, दोन तर्जन्यांनी ब्रेक आणि रेस ही आजची मांडणी एक्सबॉक्सच्या पिढीत, 2001 नंतर पक्की झाली.

पीसीवर या मांडणीला खरी जागा मिळाली ती 2005 मध्ये आलेल्या एक्सबॉक्स 360च्या पॅडमुळे. कन्सोल आणि विंडोज दोन्ही मायक्रोसॉफ्टचेच असल्याने तारेचा पॅड यूएसबीत खोचला की चालू लागे. बिनतारी पॅडला मात्र वेगळा रिसीव्हर लागत असे, आणि इथे अनेकांची फसगत झाली: त्या पॅडला लावायची चार्जिंगची केबल फक्त वीज पोहोचवते, माहिती नाही. केबल लावूनही पीसीला पॅड दिसत नाही, याचे कारण पॅड बिघडला हे नसून केबलच मुकी आहे हे असते.

याच पॅडने शर्यतीच्या खेळांत एक विचित्र अडचण आणली, आणि ती जुन्या सिम्युलेटरमध्ये अजून भेटते. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत जॉय.सीपीएल असे इंग्रजीत टाइप केले की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे एक्सबॉक्सच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच पट्टीवर दिसतात. एक दाबला की पट्टी एकीकडे जाते, दुसरा दाबला की उलट दिशेला; दोन्ही पूर्ण दाबले तर ती मध्यावर उभी राहते, जणू कोणी काही दाबलेच नाही. हा दोष नाही, मायक्रोसॉफ्टने तो हेतुपुरस्सर तसा ठेवला. डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीवर लिहिलेले खेळ असे धरून चालत की हात लावला नाही तर प्रत्येक अक्ष मध्यावर असतो. ट्रिगर मात्र हात न लावता शून्यावर असतो. तो स्वतंत्र अक्ष म्हणून दिला असता तर जुन्या खेळांना कोणीतरी सतत काहीतरी दाबून धरले आहे असे वाटले असते. म्हणून दोघांची मोट एकाच अक्षात बांधली गेली.

साध्या खेळात याने काही बिघडत नाही. रॅलीत बिघडते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात आत खेचायची असेल तर चालक उजव्या पायाने रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करतो. 2004 मधल्या रिचर्ड बर्न्स रॅलीसारख्या कसदार सिम्युलेटरमध्ये ही युक्ती हवीच, पण ट्रिगरची एकच पट्टी असेल तर ब्रेक आणि रेस एकमेकांतून वजा होतात. एक्सइनपुट या नव्या पद्धतीत दोन्ही ट्रिगर वेगळे मोजले जातात, प्रत्येक 0 ते 255. आजचे बहुतेक सिम्युलेटर तीच वापरतात.

प्लेस्टेशनचे पॅड पीसीवर दिसतात, पण एक्सइनपुटची भाषा बोलत नाहीत. मग दुभाष्या लागतो. डीएस4विंडोज हा कार्यक्रम ड्युअलशॉक 4 किंवा ड्युअलसेन्सचे बोलणे ऐकून खेळासमोर एक नकली एक्सबॉक्स पॅड उभा करतो. पीसीचे खेळ विकणाऱ्या स्टीमनेही 2016च्या अखेरीपासून हेच काम स्वतःकडे घेतले आहे. गोंधळ होतो तो खेळाला खरा आणि नकली असे दोन्ही पॅड दिसू लागले की. मेनूत एकदा खाली दाबावे आणि निवड दोन ओळी सरकावी, हे त्याचे हमखास लक्षण. अशा वेळी खरा पॅड खेळापासून लपवणारा हिडहाइड हा कार्यक्रम उपयोगी पडतो. शिवाय दुभाष्या एकच असावा: स्टीमने भाषांतर करायचे की डीएस4विंडोजने, हे ठरवून दुसरे बंद करावे.

जोडणी झाली की खरे काम सुरू होते. त्यासाठी असेटो कोर्सा हे चांगले उदाहरण आहे. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीने हा सिम्युलेटर 2014च्या डिसेंबरात पूर्ण रूपात आणला आणि पॅडच्या सेटिंगमधले बहुतेक दांडे चालकाच्या हाती उघडे ठेवले.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे वेगानुसार स्टिअरिंग आखडणारे, स्पीड सेन्सिटिव्हिटी. त्यामागचे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. टायरची पकड ठरलेली असेल तर गाडी किती अरुंद वळू शकते हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. टायर गुरुत्वाकर्षणाइतके बल बाजूला पेलत असतील, तर ताशी 50 किलोमीटरला गाडी साधारण 20 मीटर त्रिज्येचे वळण घेऊ शकते. वेग चौपट केला, ताशी 200, की त्रिज्या सोळापट होते, म्हणजे सुमारे 315 मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.6 मीटर अंतर असलेल्या गाडीची पुढची चाके पहिल्या वळणाला सुमारे साडेसात अंश तिरकी व्हावी लागतात. दुसऱ्याला केवळ भूमितीच्या हिशेबाने अर्धा अंशही पुरतो. टायर थोडे घसरत चालतात म्हणून प्रत्यक्षात आणखी काही अंश लागतात, पण फरक उघड आहे. ताशी 200ला स्टिक टोकाला ढकलली आणि चाके पूर्ण वळली तर पुढचे टायर पकड सोडून नुसते खरवडत जातात आणि गाडी सरळ भिंतीकडे निघते. म्हणून वेग वाढेल तशी सॉफ्टवेअरने स्टिकची मजल कमी करायची. हाताने व्हील फिरवणारा चालक हेच करतो, फक्त त्याला ते सांगावे लागत नाही.

दुसरे सेटिंग गॅमा. स्टिक किती कलली याचा थेट प्रमाणात अर्थ न लावता त्या आकड्याचा घात काढायचा. घात 2 असेल तर अर्धी कललेली स्टिक पावच स्टिअरिंग देते आणि टोकाला मात्र पूर्ण मिळते. त्यामुळे मधल्या भागात अंगठ्याला सैल जागा मिळते आणि सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी जात नाही. तिसरे, स्टिअरिंग स्पीड. अंगठा डावीकडून उजवीकडे क्षणात उडी मारू शकतो, व्हील धरलेले हात मारू शकत नाहीत. म्हणून आभासी स्टिअरिंगच्या फिरण्याला वेगमर्यादा. चौथे, फिल्टर, जो अंगठ्याची थरथर गाळतो.

नवशिक्या हमखास इथे चुकतो. गाडी हातात राहत नाही म्हणून तो फिल्टर वाढवत नेतो. गाडी शांत होते खरी, पण उशिरा ऐकू लागते. मागची चाके घसरली की स्टिअरिंग उलट दिशेला फिरवून गाडी सावरायला क्षणभराची सवड असते, आणि नेमका तोच क्षण फिल्टर गिळून टाकतो. फिल्टर कमी आणि वेगानुसार आखडणे जास्त, असा कल ठेवणे बरे. एका बैठकीत एकच सेटिंग बदलावे आणि त्याच ट्रॅकवर, त्याच गाडीने पाच फेऱ्या माराव्यात. सगळे दांडे एकदम हलवणाऱ्याला कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

डेडझोन हा आणखी एक चोर. स्टिक हात न लावताही अगदी अचूक मध्यावर बसत नाही, म्हणून मधला थोडा भाग निर्जीव धरतात. एक्सइनपुटमध्ये स्टिक एका बाजूला 32767 पर्यंत मोजली जाते आणि डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन आहे 7849, जवळजवळ चौथा हिस्सा. गोळ्या झाडायच्या खेळात हे चालेल. शर्यतीत आधीच तोकड्या असलेल्या सेंटीमीटरातला पाव भाग त्यात जातो. नव्या पॅडला यापेक्षा पुष्कळ कमी पुरतो. शिवाय स्टीममध्ये एक आणि खेळात दुसरा असे दोन डेडझोन लागले असतील तर तेही तपासावे. जुन्या पॅडमध्ये मात्र स्टिकखालचा कार्बनचा पट्टा घासून झिजतो आणि सरळ रस्त्यावर गाडी आपोआप एका बाजूला ओढू लागते. त्याला डेडझोन ही मलमपट्टी आहे. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये हा घासणारा भागच नसतो. सेगाच्या ड्रीमकास्टने हे तंत्र 1998 मध्येच वापरले होते.

असेटो कोर्साच्या चाहत्यांनी यापुढची पायरी गाठली आहे. कस्टम शेडर्स पॅच या जोडणीत गेमपॅड एफएक्स नावाची सोय आहे, आणि तिच्यावर चालणारी ॲडव्हान्स्ड गेमपॅड असिस्ट ही स्क्रिप्ट टायर किती घसरताहेत ते पाहून स्टिअरिंगची मर्यादा त्या त्या क्षणी ठरवते, गाडी सावरायलाही मदत करते. व्हीलवाले याला लबाडी म्हणतात. ते पटणारे नाही. खऱ्या गाडीत पुढचे टायर स्वतःच स्टिअरिंगला सरळ रेषेकडे खेचत असतात आणि चालकाचे हात ते ओझे जाणतात. पॅडची स्टिक फक्त आपल्या स्प्रिंगकडे परतते, तिला टायरची खबर नाही. ती उणीव स्क्रिप्टने भरली तर बिघडले कुठे?

ती खबर पॅड दुसऱ्या वाटेने देतो, थरथरीने. बहुतेक पॅडमध्ये दोन मोटरी असतात: डाव्या मुठीत जड, सावकाश घुमणारी आणि उजव्या मुठीत हलकी, झिणझिणणारी. 2013च्या एक्सबॉक्स वन पॅडने ट्रिगरमध्येही दोन छोट्या मोटरी बसवल्या, पण एक्सइनपुटला मुठीतल्या दोनच ठाऊक असल्याने अनेक पीसी खेळांत ट्रिगर मुके राहतात. 2020च्या ड्युअलसेन्सचे ट्रिगर दाबताना घट्ट होऊ शकतात. पीसीवर मात्र मोजके खेळच ते जाणतात.

ब्रेक आणि रेस यांच्या बाबतीत पॅड उपरा वाटत नाही. तर्जनी हे नाजूक कामाचे बोट आहे, आणि ब्रेक आधी जोरात दाबून वळणात शिरताना हळूहळू सोडत जाणे तिला चांगले जमते. एबीएस नसलेल्या गाडीत चाके वारंवार अडकत असतील तर गाडीच्या सेटअपमध्ये ब्रेकचा कमाल दाब थोडा उतरवावा. मग ट्रिगर पूर्ण दाबूनही चाके फिरती राहतात. गिअर मात्र खांद्यावरच्या बटणांना देऊ नयेत. तिथे पोचायला तर्जनी ट्रिगरवरून उठते आणि तेवढ्यात रेस सुटते. शर्यतीत उजवा अंगठा बहुधा रिकामाच असतो, गिअर त्याच्याकडे द्यावेत.

कोणता पॅड घ्यावा, याचे उत्तर खेळावरून ठरते. एक्सबॉक्सचा पॅड पीसीवर सर्वांत कमी कटकटीचा. एक्सबॉक्स वनचा जुना पॅड घ्यायचा असेल तर मधल्या गोल बटणाभोवतीचे प्लॅस्टिक पाहावे: ते पुढच्या भागाशी एकसंध असेल तर पॅड 2016 नंतरच्या घडणीचा, ब्लूटूथवाला, खांद्यावरच्या बटणांच्या तुकड्याचाच भाग असेल तर त्याला ब्लूटूथ नाही. सोनीच्या पॅडला दुभाष्या लागतो, पण त्यात एक्सबॉक्सकडे नसलेला जायरोस्कोप असतो, आणि स्टीममधून पॅड हातात तिरका करूनही गाडी वळवता येते. रेडगिअर, कॉस्मिक बाइट अशा भारतीय ब्रँडचे पॅडही मिळतात. घेताना ते एक्सइनपुटवर चालतात ना, हे आधी विचारावे. निन्टेन्डो स्विचचा प्रो पॅड हातात सुरेख बसतो, पण त्याचे मागचे ट्रिगर म्हणजे निव्वळ बटणे आहेत: एकतर पूर्ण रेस, नाहीतर शून्य.

म्हणून कोणताही पॅड हाती आला की पहिल्यांदा जॉय.सीपीएलची ती खिडकी उघडावी आणि एकेक ट्रिगर सावकाश दाबून पाहावा. पट्टी बोटाबरोबर हळूहळू सरकली तर ठीक; एकदम उडी मारून टोकाला गेली तर तो पॅड शर्यतीच्या कामाचा नाही.