इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्याकरणातील चुका आणि मातृभाषा : उज्जैनच्या संदर्भात

उज्जैन हे बहुभाषिक शहर आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली. त्यापूर्वी ती उज्जैनला होती. त्या काळापासून मराठी कुटुंबे येथे स्थायिक आहेत. घरी उर्दू किंवा मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी आणि त्यावर इंग्रजी असा भाषांचा भार येथील विद्यार्थ्यावर पडतो. इंग्रजीच्या वहीतील चुकीखाली लाल रेघ ओढली जाते. परंतु ती चूक का झाली, हे क्वचितच सांगितले जाते.

रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली असे मांडले की, दोन भाषांच्या रचनांची तुलना केल्यास शिकणाऱ्याच्या अडचणी आधीच ओळखता येतात. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ साली अनवधानाने होणारी चूक आणि पुन्हा पुन्हा एकाच रीतीने होणारी चूक यांत भेद केला. दुसऱ्या प्रकारच्या चुकीवरून विद्यार्थ्याने मनाशी कोणता नियम बांधला आहे, ते कळते. या दृष्टीने काही नेहमीच्या चुका पाहू.

१) 'आय ॲम गो टू स्कूल.' उर्दू-हिंदीत 'मैं स्कूल जाता हूँ' असे म्हणतात. त्यातील 'हूँ' साठी विद्यार्थी 'ॲम' योजतो. मराठीतील 'मी शाळेत जातो' या वाक्यात असे सहायक क्रियापद नाही. मात्र हिंदी माध्यमात शिकणारे मराठी मूलही ही चूक करू शकते, कारण त्याच्या विचारामागे शाळेची भाषा असते.

२) 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स.' 'दोन वर्षांपासून' आणि '२००५ पासून' या दोन्ही ठिकाणी मराठीत 'पासून', तर उर्दूत 'से' येते. इंग्रजीत कालावधीसाठी 'फॉर' आणि आरंभबिंदूसाठी 'सिन्स' लागते. शिवाय आपण येथे वर्तमानकाळ वापरतो, तर इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' ही रचना येते.

३) 'आय डिड नॉट वेन्ट.' 'मी गेलो नाही', 'मैं नहीं गया' या वाक्यांत भूतकाळ मुख्य क्रियापदातच असतो. इंग्रजी नकारात तो 'डिड' कडे जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. विद्यार्थी भूतकाळ दोन्हीकडे ठेवतो.

४) 'व्हॉट यू आर डूइंग?' मराठी व उर्दूत प्रश्न विचारताना कर्ता व क्रियापद यांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते.

५) 'माय फादर आर ॲट होम.' 'वडील घरी आहेत', 'अब्बा घर पर हैं' असे आदरार्थी बहुवचन वापरण्याचे वळण ज्याला घरात लागले, त्याला वडिलांसाठी 'इज' उद्धट वाटते. इंग्रजीत क्रियापद आदर दाखवीत नाही, एवढे सांगितले की गाठ सुटते.

सर्वच चुका मातृभाषेतून येतात असे नाही. 'वेन्ट' ऐवजी 'गोएड' म्हणणे हे नियम गरजेपेक्षा अधिक ताणल्याचे उदाहरण आहे. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही तसे म्हणतात.

अध्यापनात यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. फळ्यावर उर्दू, मराठी किंवा हिंदी वाक्य आणि त्याखाली इंग्रजी वाक्य लिहावे व फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा. एका तासाला एकच रचना घ्यावी. मूल बोलत असताना त्याला मध्येच अडवू नये. चुका नंतर एकत्र समजावून द्याव्यात. घरात प्रथमच इंग्रजी शिकणारी मुलगी दोन-तीनदा हसे झाल्यावर वर्गात बोलणे सोडते आणि पुढे महाविद्यालयाचा विचारही सोडून देते. तिची चूक तिच्या भाषेच्या नियमाला धरून आहे, हे शिक्षकाने ओळखले आणि तिला समजावून दिले, तर ती पुन्हा बोलू लागण्याची शक्यता अधिक असते.